सरडेसाहेबांचा गिरगिट बाबू

पद्माकर सरडे दिल्लीला गेले ते नोकरीसाठी, असं बार्शीत सगळे समजत. खरं कारण निराळं होतं. शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना "सरडे" म्हटलं, की मागच्या बाकावरची पोरं कुंपणावरच्या सरड्यासारख्या माना वर-खाली करायची. पाचवी ते दहावी, रोज. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीचं पत्र आलं आणि त्यात नेमणुकीचं ठिकाण दिल्ली असं दिसलं, तेव्हा पद्माकररावांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की तिथे सरडा म्हणजे काय ते कुणाच्या बापाला कळणार नाही.

तसंच झालं. दिल्लीनं त्यांचं शारदाजी केलं, सरदेजी केलं, एकदा गॅसच्या पावतीवर तर सरदारजी केलं. पण मान कुणी हलवली नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला आणि चौतीस वर्षं सुखात गेली. इतकी सुखात, की हळूहळू ते कुणाला दिसेनासेच झाले. ऑफिसच्या भिंती फिकट पिवळ्या, त्यांचे शर्टही फिकट पिवळे. निरोपसमारंभाच्या फोटोत ते दुसऱ्या रांगेत उभे असत, पण फोटो पाहणाऱ्याला तिथे भिंतच दिसे. मुलगी केतकी दहा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर ऑफिसात गेली होती. तेव्हा चपराशी आत आला, थेट पद्माकररावांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "सरदेजी को देखा किसी ने?" आणि निघून गेला. केतकीला ते कधी विसरता आलं नाही.

ही केतकी पुढे चित्रकार झाली. नोएडात दुसऱ्या मजल्यावर एक छोटी कंपनी हिंदी कॉमिक्स काढायची. तिचे मालक ग्रोव्हर. त्यांचा नायक कॅप्टन कुतुब. संकट आलं की हा मनोऱ्याएवढा उंच व्हायचा. त्याच्यासमोर उभे करायचे खलनायक केतकीनं काढायचे, आणि ग्रोव्हरांचा हट्ट असा, की प्रत्येक खलनायक कुठलातरी प्राणीच हवा. सचिवालयाच्या गच्चीवरून हुकूम सोडणारा माकडासुर झाला. डेंग्यूवाला मच्छरसेन झाला. कबुतरांची राणी झाली, हायवेवर आडवी येणारी नीलगाय झाली. सगळे दोन-दोन अंकांत गारद झाले. एका सोमवारी ग्रोव्हर म्हणाले, "केतकी, इस बार गिरगिट चाहिए. रंग बदलनेवाला."

केतकीनं रात्रंदिवस डोकं खाजवलं नाही. कुठेही मिसळून जाणारा, समोर असून न दिसणारा माणूस तिच्या घरातच होता. तिनं वडिलांचा चष्मा काढला, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर काढला, काखेतली फायलींची पिशवी काढली, पाठीमागून एक गुंडाळलेली शेपटी काढली, आणि अंक छापून आल्यावर मोठ्या कौतुकानं वडिलांपुढे ठेवला. मुखपृष्ठावर अक्षरं होती: गिरगिट बाबू.

पद्माकररावांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग अंक टेबलावर पालथा ठेवला आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. चार दिवस त्यांनी मुलीशी अवाक्षर काढलं नाही. चौतीस वर्षं जे बार्शीत गाडून ठेवलं होतं, ते पोटच्या पोरीनं उकरून, रंगीत छापून, चाळीस रुपयांना विकायला ठेवलं होतं!

पाचव्या दिवशी सुरेखाबाईंना राहवेना. त्यांनी केतकीला स्वयंपाकघरात गाठलं.

"कशाला गं त्यांच्या आडनावावर जायचं?"

"आडनावावर? मी कुठे गेले?"

"सरडा म्हणजे काय, माहीत नाही तुला?"

दिल्लीत वाढलेल्या केतकीनं जरा विचार केला. "गावाचं नाव असेल ना? सरडेवाडी वगैरे?"

"अगं, सरडा म्हणजे गिरगिट."

केतकीची पोळी तव्यावरच जळाली. "म्हणजे आई, आपण सगळे गिरगिट आहोत? तू पण?"

"मी लग्नानं," सुरेखाबाई म्हणाल्या. "माहेरची मी मोरे. चांगली राष्ट्रीय पक्षी होते."

केतकीला आधी हसू फुटलं आणि मग रडू. ती धावत बाल्कनीत गेली. "बाबा, शप्पथ, मला खरंच माहीत नव्हतं. हे बघा, दुसऱ्या अंकाची स्क्रिप्ट. मी त्याला मारूनच टाकते. कॅप्टन कुतुब त्याला नजफगढच्या नाल्यात फेकून देईल, बस."

पद्माकररावांनी कागद घेतले ते फक्त आपला मृत्यू कसा होतो हे बघायला. पण तिसऱ्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. गिरगिट बाबू रेकॉर्डरूमचं कुलूप फोडून शहराची गुप्त फाइल चोरतो, असं तिथे लिहिलं होतं.

"हा मूर्ख आहे का?" ते म्हणाले. चार दिवसांनंतरचं ते पहिलं वाक्य. "फाइल चोरायची कशाला? चोरी झाली की चौकशी लागते. फायलीवर 'कृपया चर्चा करें' एवढं लिहायचं आणि परत पाठवायची. मग ती जन्मात कुणाला मिळत नाही. आणि हा तुझा कॅप्टन द्वारकेत उंच कसा काय होतो?"

"म्हणजे?"

"दिल्लीचा विमानतळ आहे तिथे! उंचीचा ना-हरकत दाखला घेतलाय त्यानं?"

त्या शनिवारी पद्माकररावांनी पेन्सिल घेऊन स्क्रिप्टच्या समासात शेरे मारले. रविवारी कार्बन पेपर कुठे मिळेल, अशी चौकशी केली. सोमवारी केतकीनं नवी स्क्रिप्ट ग्रोव्हरांना दिली. तिच्यात मारामारी एकही नव्हती. गिरगिट बाबू शहराला वेढा घालतो, आणि कॅप्टन कुतुब बत्तीस पानं परवानगीचा अर्ज भरत राहतो. खिडकी क्रमांक चारवर त्याला सांगतात, सातवर जा. सातवर जेवणाची सुट्टी असते. त्याची जन्मतारीख बाराव्या शतकातली म्हणून संगणक ती घेत नाही. शेवटी तो गुडघे टेकतो आणि गिरगिट बाबू चष्म्यावरून बघत गरजतो, "पुनः प्रस्तुत करें!"

ग्रोव्हरांनी कपाळाला हात लावला. पण छपाईची तारीख उलटून चालली होती, म्हणून तसंच छापलं. अंक आठ दिवसांत संपला. गाझियाबादहून, फरिदाबादहून मागण्या आल्या. रोहिणीतल्या एका गृहस्थानं लिहिलं, की वाचताना मला घाम फुटला, माकडासुराला मी कधी घाबरलो नव्हतो.

डिसेंबरात ओखल्याच्या मैदानावर कॉमिक्सची जत्रा भरली. केतकीनं आईवडिलांना मेट्रोनं तिथे नेलं. आत पाऊल टाकलं आणि पद्माकरराव थबकले. फिकट पिवळे शर्ट, अर्ध्या बाह्यांचे स्वेटर आणि सुतळीच्या शेपट्या लावलेली चाळीस-पन्नास तरुण मंडळी हातात फायली घेऊन एकमेकांना परत पाठवत होती. कॅप्टन कुतुब झालेला एकच मुलगा होता, आणि तो बिचारा रांगेत उभा होता.

"यही हैं!" ग्रोव्हर ओरडले. "असली गिरगिट बाबू!"

क्षणात सगळी गर्दी वळली. पद्माकररावांनी सवयीनं मागे भिंत आहे का ते पाहिलं. भिंत नव्हती, मोकळं मैदान होतं. एका मुलीनं अंक पुढे केला. "सर, ऑटोग्राफ! आपका असली नाम?"

त्यांनी सुरेखाबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"पद्माकर सरडे," ते म्हणाले, मग खाकरून, जरा मोठ्यानं, "मराठी में सरडा माने गिरगिट."

टाळ्या पडल्या. एकानं शिट्टी मारली. "खानदानी हैं, यार!" असं कुणीतरी म्हणालं. पद्माकररावांनी त्या दुपारी दोनशे अकरा अंकांवर आद्याक्षरं, तारीख आणि वेळ घातली, आणि छपाई फिकट वाटली म्हणून सहा अंक परत पाठवले. परतताना मेट्रोत एका तरुणानं त्यांना बसायला जागा दिली, तर ते बसायचं सोडून बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिले.

अडचण आली ती मार्चमध्ये. महिनाअखेरीला पद्माकररावांची साठी भरत होती. त्यांनी ग्रोव्हरांना रीतसर पत्र पाठवलं: गिरगिट बाबूही त्याच तारखेला सेवानिवृत्त होईल.

ग्रोव्हर मिठाईचा डबा घेऊन घरी आले. "सर, विलन कभी रिटायर नहीं होता."

"सरकारी आहे ना तो? मग साठ म्हणजे साठ."

"दो साल का एक्स्टेंशन?"

"जनहितार्थ मिळतं," पद्माकरराव काजूकतली उचलत म्हणाले. "हा तर जनतेच्या विरुद्ध काम करतो. कुठल्या नियमाखाली देऊ?"

शेवटी केतकीनं शेवटचा अंक काढला. जप्त केलेलं शहर गिरगिट बाबू यादी करून, सही घेऊन, दुसऱ्या बाबूच्या ताब्यात देतो. कॅप्टन कुतुब शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देतो आणि निरोपाचे चार शब्द बोलतो. या पानावर ग्रोव्हर स्वतः रडले.

आता पद्माकरराव द्वारकेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. वाचकांची पत्रं अजून येतात आणि ते आवक क्रमांक घालून, एकही न वगळता उत्तरं देतात. परवा मेरठच्या एका बाईंनी विचारलं, की गिरगिट बाबूच्या पत्नीला कौटुंबिक निवृत्तिवेतन लागू होतं का? पद्माकरराव तासभर नियमपुस्तक चाळत बसले. मग हाक मारली, "अगं, ऐकलंस का, त्याला बायको आहे असं कुठे दाखवलंय का आपण?"

"नाही दाखवलेलं," सुरेखाबाई आतून म्हणाल्या, "पण आहे."

तसं त्यांनी मेरठला कळवलं. केतकी आता त्या बायकोचं चित्र काढायला बसली आहे. मोरपंखी रंगाची पैठणी हवी, पदर नीट दिसला पाहिजे, आणि शेपटी अजिबात नको, असं सुरेखाबाईंनी तिला लेखी दिलं आहे.