ताईच्या रक्तातलं मॅग्नेशियम

ताईच्या हाताची बोटं आपोआप आत वळली आणि चहाचा कप खाली पडला.

“झाली हिची नाटकं सुरू,” भाऊजी म्हणाले.

ताई दुसऱ्या हाताने ती बोटं उलगडत बसली. कित्येक महिने तिचे पाय आखडत होते, पापण्या फडफडत होत्या. मुलगी लग्न होऊन लांब गेली, ते तिने मनाला लावून घेतलंय, असं घरात ठरूनच गेलं होतं. कॅल्शियमच्या गोळ्यांनी गुण येत नव्हता. शेवटी तिला फीट आली, तेव्हा दवाखान्यात नेलं.

“रक्तातलं मॅग्नेशियम फार कमी झालंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते नसलं की कॅल्शियमही टिकत नाही. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानंही असं होतं.”

त्यांनी ताईची ती गोळी बंद केली आणि शिरेतून हळूहळू मॅग्नेशियम सुरू केलं. मी पलंगाशी बसून नळीतले थेंब बघत राहिले. एवढ्याशा क्षारावर माणसाचं धड उभं राहणं अवलंबून असतं. तो कमी पडला की शरीर आपल्या परीने सांगत राहतं, आणि घरातले त्याला स्वभाव म्हणतात.

काही दिवसांनी बोटं सैल झाली.

“बरी झालीस, आता घरी चल,” भाऊजी म्हणाले.

“बोटं बरी झाली,” ताई म्हणाली. “पण माझं दुखणं तुम्हाला रक्त तपासल्यावरच खरं वाटलं.”

भाऊजींनी आधाराला हात पुढे केला. ताई पलंगाची कड धरून एकटीच उठली.