शिंगांचा कॉलम

दोन हजार सात साल. आमचा सोमेशकाका एका दूध संघात जनावरांच्या उपचारांचा डेटाबेस सांभाळायचा. सांभाळायचा कसला, दावणीलाच बांधलेला होता! पुण्यात नोकरी लागलेली, सोमवारी हजर व्हायचं, आणि त्याचे वरिष्ठ आकारामसाहेब सोडायला तयार नाहीत.

साहेबांचा आवाज रिकाम्या कॅनमधून आल्यासारखा: "तुम्ही गेल्यावर डेटाबेसच्या टेबलात बदल कोण करणार? म्हशी?"

प्रश्न खरा होता. प्रत्येक केंद्राचा संगणक वेगळा. बिद्रीच्या डॉक्टरांचा फोन यायचा, "अवो, शेतकरी कानातला नंबर सांगत न्हाय, शिंगं कशी हायत ते सांगतोय. शिंगांचा कॉलम घाला की!" काका तिथल्या तिथं घालून द्यायचा. आजऱ्याच्या केंद्रात राहून जायचं. कुठं काय बदललं ते फक्त त्याच्या डोक्यात; आणि साहेबांना ते डोकं इथंच हवं होतं.

शेवटी त्यानं बदलांच्या तेरा फायली लिहिल्या, नंबर घालून. सगळ्या एकाच ठिकाणी, कुणी कधी काय बदललं याच्या नोंदीसकट. प्रत्येक संगणकानं आधी न चाललेल्या तेवढ्याच फायली क्रमानं चालवायच्या.

"शनिवारी संयोगिता चालवंल," साहेब म्हणाले. "तुम्ही हात मांडीखाली घालून बसायचं. जमलं तर सुटकेच्या पत्रावर सही."

संयोगिता काकाच्या शेजारच्या टेबलावरची. बिद्री झालं. आजऱ्यातही फायली चालल्या, पण म्हशीची नोंद उघडली तर शिंगंच नाहीत!

"बघा! तुमच्याबिगर हालत न्हाय," साहेब खूश.

काकाचा हात निघालाच.

"हात!" संयोगिता गरजली. तिनं बदलांची नोंद वाचली. "सोमेशदादा, सातव्या फायलीत शिंगं मंगळवारी घुसडलीसा. आजऱ्यात सातवी तुम्हीच आजमावायला सोमवारी चालवल्याली. ती परत कशी चालंल?"

काका पुटपुटला, "शिंगं इसरलो हुतो. चूक दिसाय नको, म्हणून…"

"इसरलं तर नवीन लिहायची. चाललेल्या फायलीत हात घालायचा न्हाय, तुम्हीच शिकवलासा न्हवं? थांबा, चौदावी मी लिहितो."

लिहिली. 'शिंगं नसतील तर घाला', एवढंच. चालवली. आजऱ्याच्या नोंदीत शिंगांचा रकाना उगवला.

"सोमेश, बरोबर हाय का ओ?" साहेबांनी विचारलं.

"त्यास्नी कशाला इचारताय? मला इचारा," संयोगिता म्हणाली.

साहेबांनी खिसे चाचपले, खण उघडला, कागदांखाली बघितलं. पेन काही सापडेना. संयोगितानं आपलं पेन टोपण काढून सुटकेच्या पत्रावर ठेवलं.