आमच्या मोहाखालचा रिझर्व

आषाढात आमच्या घरी भात नसायचा. उन्हाळ्यात वाळवलेला मोहा चिंचोक्यांबरोबर उकडायचा आणि नवं धान येईपर्यंत दोन्ही वेळा तोच खायचा. आरमोरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या आमच्या गावात बहुतेक घरांची हीच तऱ्हा. म्हणून प्रत्येक घराचं एक मोहाचं झाड ठरलेलं असे. फुलं गळायच्या आधी बुंध्याला गवताचा दोर बांधायचा. दोर बांधला की झाड राखलं. दुसऱ्या घरचं माणूस त्याखाली वाकतसुद्धा नसे.

मग जमीनदारी गेली आणि जंगल सरकारचं झालं. कोतवालानं दवंडी दिली की जंगल रिझर्व होणार, म्हणजे राखून ठेवणार. ज्याचा हक्क असेल त्यानं मुदतीत सांगावा. अर्ज करायचा असतो हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. गावानं काय केलं, तर सगळ्या झाडांचे जुने दोर सोडून नवे बांधले. बा म्हणाला, "सांगतला हक्क. आता अजून काय सांगाचं?" मी तेव्हा नागपूरला कॉलेजात होतो, घरात शाळेची पायरी चढलेला पहिलाच. पण गावात असतो तर मीही दोरच वळला असता.

होळीच्या सुट्टीत मी घरी आलो. सकाळी बा, माय आणि मी आमच्या झाडाखाली वेचत होतो. जंगलखात्याचा गार्ड तीन माणसं घेऊन आला आणि त्यानं दोर कापला.

"काऊन तोडता जी?" बा म्हणाला. "हा मोहा आमचा राखला हाये."

"जंगल रिझर्व झालं, तुले मालूम नाई?"

"तेच तं म्हणतो साहेब. आमी आधीच राखला."

गार्डाला वाटलं, हा आपली थट्टा करून राह्यला. बाचा हात बुंध्यावर होता. गार्डानं सोबतच्या माणसाची कुऱ्हाड घेतली आणि तिच्या मागच्या बाजूनं त्या हातावर घाव घातला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. माय आडवी गेली, तिच्या पोटात लाथ बसली. मी दगड उचलला. खोटं कशाला सांगू, त्याचं डोकं फोडायचंच होतं. दोघांनी मला पाडून तोंडावर जोडे हाणले. एक दात तिथंच पडला.

"हा म्हणे कालेजात जाते," गार्ड हसला. "सांग ना तुह्या बापाले, रिझर्व म्हणजे काय."

मग तो माणसं घेऊन निघून गेला.

मायनं बाच्या बोटांना बांबूच्या कामट्या बांधल्या. तो म्हणाला, "तू तं इंग्रजी शिकते ना? मंग त्या शब्दात आपून बसतो का नाई, पाहून ये."

नागपूरला गेल्यावर वाचनालयातला जाडा शब्दकोश उघडला. शब्द मूळचा लॅटिन, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. अर्थ मागे राखून ठेवणं, एवढाच. खाली वापर दिले होते. लढाईत मागे ठेवलेली फौज, अडचणीच्या दिवसांसाठीचा साठा, कोणासाठी तरी धरून ठेवलेली जागा. सुजलेलं तोंड घेऊन मी ते पान तीनदा वाचलं. माणसं हाकलणं असा अर्थ कुठंच नव्हता. इंग्रजीच्या प्राध्यापकांना विचारलं, "सर, कोणासाठी राखलं तेच सांगितलं नसेल तर?"

"मग बोलणं अर्धवट आहे," ते म्हणाले. "कोणासाठी, ते विचारायचं."

मी विचारलं. जंगलाच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला गावाच्या वतीनं इंग्रजीत अर्ज लिहिला. गावानं हक्क मुदतीतच सांगितला होता, आपल्या रीतीनं, दोर बांधून. सरकारच्या आधी ही झाडं आम्ही रिझर्व केली आहेत, मग सरकार ती कोणासाठी राखतंय, असं सरळ लिहिलं.

सुनावणीला गार्ड आलाच. "दोरबीर काई नसते साहेब. लबाड लोक हायेत."

अधिकाऱ्यानं बाला दोर बांधून दाखवायला सांगितलं. बाची तीन बोटं वाकडीच जुळली होती, गाठ बसेना. तेव्हा गावातले चौघे उठले. अधिकाऱ्यानं एकेकाला वेगळं बोलावून गाठ मारायला लावली. चौघांची गाठ एकच निघाली, तेव्हा रीत खरी असल्याचं त्यानं मान्य केलं.

गार्डाला शिक्षा झाली नाही, बदलीसुद्धा नाही. पण गावातल्या प्रत्येक घराला आपापल्या झाडाखालचा मोहा वेचायचा हक्क मिळाला, आणि तो सरकारी कागदावर लिहिला गेला.