लेकीची दुखरी दाढ

भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातुरात ज्याच्याकडं जास्तीची खोली, त्याच्याकडं शिकवणी. आमच्या बाहेरच्या खोलीत मी बारावीचं रसायनशास्त्र शिकवायची. अहमदपूर, कंधारकडची पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची, आणि आत माझी अडीच वर्षांची लेक. शिकवणी चालू असताना तिनं रडायचं नाही, असा घराचा दंडकच होता. ती कुरकुरली की सासूबाई साखर घातलेल्या दुधाची बाटली तिच्या तोंडात द्यायच्या. मीच तसं सांगून ठेवलेलं.

आम्लानं चुनखडी कशी झिजते, हे मी फळ्यावर घसा कोरडा करून शिकवत होते. पोरीच्या दातांचं तेच होत होतं, ते मात्र मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पुढं ती एकाच बाजूनं चावायला लागली. गार पाणी लागलं की किंचाळायची. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचे दात हायेत, पडत्यातच की. लवंगाचं तेल लाव." मी लावलं. कोवळी हिरडी पोळली, ती आणखीच रडली. बाहेर पोरं ताटकळली होती. मी तिच्या गालावर एक चापट दिली. दुखऱ्याच गालावर. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

त्यानंतर ती रडेनाशी झाली. मला वाटलं, उतार पडला.

गाल टम्म सुजला तेव्हा दवाखाना गाठला. दातांच्या डॉक्टरीणबाई चिडल्याच. "दुधाच्या दातालाही नस असते, बाई! तेलबिल लावू नका, झोपताना बाटली तर नाहीच. दुखलं की तोंड कोमट पाण्यानं धुवा, अडकलेला घास काढा, बाहेरून गार फडकं ठेवा आणि तडक इकडं आणा."

मग त्या लेकीकडं वळल्या. "कुठं दुखतंय गं, राणी?"

तिनं दाढेवर बोट ठेवलं आणि ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांग की."

लेकीनं जोरजोरात नकाराची मान हलवली. दाराच्या पडद्याकडं बघत कुजबुजली, "भाईर पोरं बसलेत."

पडद्याबाहेर नुसते पेशंट बसले होते.