पंधरा पायल्यांचा डबा

कुणाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण ते मिस्त्री तुमच्याही पाहण्यात आले असतील. शहापूरला हायवेलगत स्पीकरचे डबे बनवायचे. डबा तयार झाला की बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "बोल बावा."

त्यांना ऐकू कमी येई. स्पीकर सुरू झाला की डब्याच्या अंगाला तळहात लावून उभे राहत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

डब्यात जागा किती, हे मोजायच्या टेपवर सोडत नसत. स्पीकरच्या गोल भोकातून आत पायलीनं धान ओतत. "ह्या बारा इंचीले पंधरा पायल्या पाह्यजे." आम्ही हसायचो. "हसा. लहान डब्यात आवाज कोंडते."

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी मापं काढून नेली. त्यांनी कागदाबरहुकूम डबा केला आणि धान ओतलं. अकरा पायल्यांतच भरला. मी सगळी मापं बाहेरून धरली होती!

"तुह्या कागदात प्लायची जाडी कुठी आहे?"

स्पीकर लावला, तर एकाच सुरावर ढबढब. मी घाईघाईनं अॅम्प्लिफायरचा बास उतरवला. ढबढब गेली, पण गाण्यातली ढोलकीही गेली. त्यांचा हात डब्यावरच होता.

"बटनानं ताप उतरते, रोग नाही जात. दुसरा बनव, तुह्या हातानं. मंग आण, मोजू."

"पुन्हा कमी भरला तर, काका?"

"तं तिसरा. मले कायची घाई आहे?" त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला.

मी बनवला. पण तीन महिने तो खोलीवरच पडून राहिला. विचारलं कुणी, तर परीक्षा आहे म्हणायचो. खरं म्हणजे भीती वाटे, चौदाच भरल्या तर?

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला.

"बाबा गेले, महिना झाला. घरी धानाचं एक पोतं आहे. आई भरडाले नेऊन राहिली होती, तं त्याले चिठ्ठी बांधलेली दिसली. तुमचा नंबर आहे. खाली लिहून आहे, 'पंधरा पायल्या. पोरगा डबा घेऊन येईन. हात लावू नका.' हे कायचं आहे, भाऊ?"