महेताजींच्या तोंडून

महेताजींनी माझ्या खिशावर हिरवी फीत टाचली, तेव्हा टाचणी सदऱ्यातून छातीला लागली. मी हललो नाही. ते वळून म्हणाले, "जोयुं साहेब? हालतो पण नथी. आ तो शांत माणस छे."

केबिनमधले सगळे हसले.

साहेब म्हणजे मुंबईहून आलेले प्रशिक्षक. माणसांचे स्वभाव आणि कामावरचे बोलणे, असा त्यांचा विषय होता. नव्वदीनंतरच्या त्या वर्षांत सुरतेच्या कारखानदारांना अशा शिबिरांची नवी हौस लागली होती. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेठचे साड्या रंगवण्याचे प्रोसेस हाऊस होते आणि मी तिथे घडीखात्याचा सुपरवायझर होतो. रंगून, वाळून आलेल्या साड्या तपासून त्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका माझ्या हाताखाली काम करीत.

प्रशिक्षकांनी स्वभावांचे चार प्रकार पाडले होते. हुकूम देणारा लाल. बोलका पिवळा. काटेकोर निळा. शांत हिरवा. फिती आमच्याच खात्यातल्या कटपीसमधून कापल्या होत्या. प्रत्येकाला प्रश्न विचारून, त्याची उत्तरे ऐकून त्याचा रंग ठरवला जात होता. माझी पाळी आली, तेव्हा महेताजी म्हणाले, "आने पूछवानी जरूर नथी. मने खबर छे."

मला प्रश्न विचारला गेला नाही. फीत मात्र मिळाली.

प्रशिक्षक माझ्याकडे हात करून म्हणाले, "ग्रीन लोग ऐसे ही होते हैं. सुनते हैं, मानते हैं, बोलते नहीं. कारखाने को ऐसे लोग भी चाहिए."

हे ऐकताना मला डिंडोलीच्या आमच्या वस्तीतला रविवार आठवला. मी डी.एड. झालो आहे. गावाकडे शाळेत नोकरी मिळाली नाही, म्हणून धुळ्याहून सुरतेला आलो. दर रविवारी वस्तीतल्या विहारात मी मुलांना शिकवतो. तिथे माझा आवाज रस्त्यापर्यंत जातो. खात्यातल्या बायका त्याच वस्तीतल्या, त्यामुळे त्याही मला मास्तरच म्हणतात. मग कारखान्याच्या फाटकातून आत येताच माझा स्वभाव बदलतो कसा, हा साधा प्रश्न होता. तो मी स्वतःला तोवर विचारला नव्हता.

याचे उत्तर आमच्या कारखान्याच्या एका रिवाजात होते.

महेताजी म्हणजे शेठचे जुने कारभारी. कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी माझे आडनाव विचारले. गाव विचारले. मग विचारले, "केवा?" सुरतेत हा प्रश्न जातीसाठी असतो. मी सांगितले, बौद्ध. त्यांनी मान हलवली. त्यानंतर रोज सकाळी शेठच्या केबिनमध्ये सर्व खात्यांचे प्रमुख बसत, तेव्हा माझी जागा दाराशी, उभ्याने, ठरली. इतर जण शेठशी थेट बोलत. माझे म्हणणे महेताजी दाराशी येऊन ऐकत, टेबलापाशी परत जाऊन शेठना सांगत आणि शेठचे उत्तर मला आणून देत. बाहेर यंत्रांची घरघर चाललेली असे. टेबलापाशी काय बोलले जाते, ते मला कधी ऐकू आले नाही. वरून ओंजळीत पाणी ओतावे, तसे शब्द यायचे. भांड्याला भांडे लागत नव्हते.

मी तक्रार केली नाही. वडील आधीपासून सुरतेतच उधना यार्डात रेल्वेचे खलाशी, म्हणजे मजूर, होते. मी कामाला निघालो, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "तोंड बंद ठेव भाऊ. आठे आपलं कोन शे?" इथे आपले कोण आहे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून तोंड बंद ठेवले.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र मी रोज सांगत होतो. घडीखात्याला दोन दारे होती. चोरीच्या भीतीने मागच्या दाराला बाहेरून कुलूप असे. पुढच्या दाराशी साड्यांचे गठ्ठे छातीइतके रचलेले असत. आत वायरी उघड्या आणि सगळा माल सिंथेटिक. मी म्हणत होतो, मागचे कुलूप काढा. आग लागली तर बायका बाहेर पडणार नाहीत. महेताजी टेबलापाशी जात, परत येत आणि सांगत, "शेठे सांभळ्युं." ऐकले.

खात्यातली सुशीलाबाई रोज विचारायची, "मास्तर, दारनं सांगं का तुम्हीन?"

मी म्हणायचो, "सांगितले बाई."

"मंग उघडत का नही?"

एकदा ती म्हणाली, "तुम्ही बोलीसन सांगतस का पेटीमा चिठ्ठी टाकतस?" बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो.

शिबिराचा दिवस आमच्या वसाहतीच्या वीजबंदीचा होता. यंत्रे थांबलेली होती. केबिनमध्ये पंखासुद्धा नव्हता. सर्वांना फिती लावून झाल्यावर प्रशिक्षकांनी शेवटचा पाठ दिला. प्रत्येकाने आपल्या खात्याची एक अडचण शेठना सांगायची. लाल फीतवाले रंगमास्तर बोलले. पिवळ्या फीतवाले विक्रीचे भाई बोलले, शेठना दोनदा हसवून बसले. मग मी बोललो. दाराशी उभा राहून, स्वच्छ गुजरातीत. कुलूप, गठ्ठे, वायरी, आग. सगळे क्रमाने सांगितले.

शेठनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी महेताजींकडे पाहिले. "शुं कहे छे?"

महेताजी म्हणाले, "कहे छे के अंदर गरमी बहु लागे छे."

"गरमी तो सुरतमां बधाने लागे," शेठ म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

यंत्रे बंद होती म्हणून मला ते ऐकू आले.

संपूर्ण उन्हाळा मी आग म्हणत होतो. टेबलावर पोचत होती गरमी.

मी आत गेलो. प्रथमच टेबलापर्यंत गेलो. फीत काढून टेबलावर ठेवली.

"शेठ, में गरमी नथी कह्युं. आग कह्युं छे. पाछळनुं ताळुं खोलावो." मागचे कुलूप उघडायला लावा.

प्रशिक्षक हसले. लाल फीत उचलून माझ्याकडे आले. "अरे, आप तो रेड निकले."

मी त्यांचा हात बाजूला केला. "साहब, मेरा स्वभाव आपने मुझसे पूछा नहीं. इनसे पूछा. मुझे कोई रंग नहीं चाहिए."

शेठ घड्याळाकडे पाहत म्हणाले, "जोईशुं." बघू.

बाहेर आल्यावर महेताजींनी मला गाठले. आवाज चढवला नाही. "तारो स्वभाव बगडी गयो," म्हणाले. "हुं तारा माटे मीठुं करीने कहेतो हतो." मी तुझ्यासाठी गोड करून सांगत होतो. ते खोटे बोलत नव्हते, असे मला आजही वाटते. त्यामुळेच ते मला अधिक भयंकर वाटते.

स्वभावाचा विचार मी नंतर पुष्कळ केला. काही माणसे जन्मतः अबोल असतात, हे खरे आहे. पण ज्याचे वाक्य वाटेत बदलले जाते, तो अबोल नसतो. आधी मी शांत होतो, मग मी बिघडलो. दोन्ही नावे त्यांनीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडीखात्याच्या पुढच्या दाराची किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याजवळ होती. ते दार मी उघडायचे आणि बायकांना आत घ्यायचे, हे माझे काम. मागच्या दारावर कुलूप तसेच होते. मी किल्ली मुठीत धरून उंबऱ्यावर उभा राहिलो. सुशीलाबाई म्हणाली, "मास्तर, उघडा ना. उशीर व्हयना."

"आज नाही, बाई. आधी मागचे."

तिने माझ्याकडे पाहिले. मग डबा खाली ठेवून भिंतीशी बसली. एकेक करून साऱ्या बसल्या.

शेठची गाडी आली. शेठ उतरले, बसलेल्या बायकांकडे पाहिले आणि महेताजींकडे वळले. "शुं थयुं?"

महेताजींनी तोंड उघडले.

"थांबा," मी त्यांना म्हणालो आणि शेठकडे वळलो. "मला विचारा."

नोकरी जाईल, हे मला ठाऊक होते. वडिलांचा प्रश्नही आठवत होता. इथे आपले कोण आहे, याचे उत्तर भिंतीशी बसले होते. शेठना नाही म्हणायचे असेल, तर माझे म्हणणे माझ्या तोंडून ऐकून म्हणावे. दुसऱ्याच्या तोंडून माझा शब्द त्यांना यापुढे मिळणार नाही. मागचे कुलूप निघाल्याशिवाय पुढचे दारही उघडणार नाही. मी किल्ली सोडली नाही.