सगुणाबाईंचा नवस आणि लाखेचं यंत्र

देवासच्या लोहार आळीत सगुणाबाई पांचाळांना ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि त्यांचा आवाज ऐकलाय असं घरही फारसं नव्हतं. पहाटे अंगणात सडा झाला की त्या टेकडीकडे तोंड करून उभ्या राहत, देवीला हात जोडत आणि आत जात. दिवसभर त्यांचं बोलणं चुलीशी, तुळशीशी आणि फार तर गोठ्यातल्या गायीशी. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "आमची सगुणा बोलली तर भिंतीला कान लावावा लागतो."

अशी ही बाई एकदा परक्या पुरुषांच्या बैठकीत बोलली, आणि तेही घरचं नुकसान होईल असं.

त्यांचे यजमान मानाजी मिस्त्री. पांचाळांचे वाडवडील पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. तोफांचे गाडे दुरुस्त करणारी माणसं. तोफा थंडावल्या, मग बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा आल्या, नांगराचे फाळ आले. मानाजींनी उभा जन्म घण मारला आणि पन्नाशीच्या आत त्यांचा उजवा खांदा गेला. जेवताना घास तोंडापर्यंत यायचा, पण घण डोक्यावर जाईना. वैद्यानं साफ सांगितलं, "मिस्त्री, आता घण उचललात तर हात गळ्यात बांधून बसाल."

मग करायचं काय? मूल नाही, हाताखाली कुणी नाही. मानाजी दिवसचे दिवस ओट्यावर बसून समोरच्या लखाऱ्याचं काम बघत राहायचे. गंधवानीच्या रानातून लाख यायची. लखारा ती शेगडीवर ऊन करी, पाटावर लाकडी हत्थ्यानं लाटून तिची दांडी करी आणि दांडी वळवून बांगडी जोडी. दांडी कुठे जाड, कुठे बारीक. बायका बांगडी बोटांत फिरवून बघत आणि नाक मुरडत.

त्याच सुमाराला सगुणाबाई आत शेव पाडत होत्या. मानाजींचं लक्ष सोऱ्याकडे गेलं आणि ते उठलेच.

"अगं, पीठ आत जाईल तसं घाल, बाहेर धार सारखीच पडते."

"पडणारच. भोक एकच आहे ना."

"मग लाखेनं काय घोडं मारलंय?"

तिथून त्या यंत्राचं वेड सुरू झालं. जाड पितळी नळी, तिच्या तोंडाशी भोकाची चकती, मागून आट्यांचा दांडा आणि तो फिरवायला मूठ. खांद्याला जोर नको, मनगट पुरे. पण नळी ओतताना तडकायची. दुसऱ्यांदा ओतली, पुन्हा तडकली. तिसऱ्या वेळी भट्टी पेटली तेव्हा सगुणाबाईंनी टेकडीकडे पदर पसरला. "आई, नळी अखंड निघू दे. पहिल्या बांगड्या तुझ्या हातात, मग सवाष्णींच्या. तुझ्याच अंगणात यंत्र चालवू."

नळी अखंड निघाली.

दिल्लीत बादशहाचा दरबार भरला त्याच्या पुढच्या वर्षीचं हे नवरात्र. खंडेनवमीला सारे कारागीर आपापली हत्यारं पूजतात. मानाजींनी आपलं यंत्र पाठीवर बांधून टेकडीवर नेलं, देवीपुढे मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मग अंगणात शेगडी पेटवून लाख ऊन केली आणि मूठ फिरवली. गुळगुळीत, एकसारखी लाल दांडी बाहेर आली तेव्हा जमलेल्या बायकांनी "अगंबाई!" म्हणून तोंडाला हात लावले. लखाऱ्यानं तिथेच बांगड्या जोडल्या. देवीला चढवल्या, दोनचार सवाष्णींच्या हातांत गेल्या.

आणि यंत्र अडलं.

टेकडीवरचा गार वारा नळीला लागला होता. आतली लाख दगड झाली. मानाजींनी जोर केला, खांद्यातून कळ आली, मूठ हलेना. गर्दीत फत्तेसिंग उभा होता. लाखेचा मोठा व्यापारी, पोट सुटलेला, बोलायला मिठ्ठास. तो ओरडला, "मानाजी भिया, शेव कच्ची रह गई! पीठ परत मळा!"

सारी टेकडी हसली. कुणी म्हणालं, देवी रुसली. सगुणाबाईंनी उरलेलं कुंकू करंड्यात भरलं आणि खाली मान घालून पायऱ्या उतरल्या. घरी त्या दिवशी नैवेद्याचं पान त्यांनी तसंच गायीपुढे ठेवलं.

दिवाळीनंतर माळव्यात थंडी पडली. तूप वाटीत दगडासारखं झालं. सगुणाबाईंनी रोजच्यासारखं ऊन पाण्याच्या तपेलीत वाटी ठेवली आणि वाढायला घेतलं. मानाजींनी हात धरला.

"थांब. वाटी काढू नकोस."

"अहो, भात निवतोय."

"निवू दे. तूप निवत नाहीये, ते बघ."

पंधरवड्यात नळीभोवती दुसरी, मोठी नळी बसली. दोन्हींच्या मधे कढत पाणी. आता लाख संपेपर्यंत मूठ लोण्यासारखी फिरायची.

बातमी फत्तेसिंगाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तो आला, बसला, चहा प्यायला. "भिया, ही चीज मला द्या. इंदूरच्या कारखान्यात अशी पन्नास करवून घेतो. तुम्हांला शाल-नारळ देतो, नाव तुमचंच."

"आणि मी काय करू?"

"आराम! खांदा दुखतो ना तुमचा?"

तो गेल्यावर मानाजी बराच वेळ भिंतीला टेकवलेल्या घणाकडे पाहत राहिले. यंत्र हातचं गेलं तर पुन्हा तो घण, आणि घण उचलायचं बळ नाही, हे दोघांनाही कळत होतं.

शेजारच्या तात्या अर्जनविसांनी वाट काढली. "मिस्त्री, दरबारातून सनद घ्या. नवी युक्ती काढणाऱ्याला सनद मिळते. मग अमुक वर्षं तुमच्याशिवाय कुणी ती वस्तू करायची नाही. फक्त तपासणी होते. वस्तू खरंच नवी आहे का, अर्जाच्या आधी चारचौघांत कुणी चालताना पाहिली आहे का, ते बघतात. पाहिली असेल तर ती सगळ्यांची झाली."

अर्ज गेला. उत्तर आलं की तपासणीला धारहून नीलकंठराव ओव्हरसियर येतील. धारचे पवार देवासच्या पवारांचे भाऊबंदच, तेव्हा माणूस त्रयस्थही आणि घरचाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी तात्या घाईघाईनं आले. दाराशीच चपला सोडत म्हणाले, "वहिनी, पाणी द्या आधी. मिस्त्री, तुम्ही खंडेनवमीला हे यंत्र टेकडीवर चालवलंत की हो! अख्ख्या गावानं पाहिलं!"

मानाजींचा चेहरा उतरला. "ते देवाचं होतं, तात्या. देवापुढे हत्यार ठेवणं म्हणजे काय बाजारात मांडणं?"

"कायद्याला देव कळत नाही. पण थांबा, मी तोड काढलीय." तात्यांनी आवाज खाली केला. देवास गाव एक, पण राज्यं दोन, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. रस्त्याच्या या कडेला एकांची पोलीस चौकी, त्या कडेला दुसऱ्यांची. "अर्ज आपला थोरल्या पातीत. तुम्ही यंत्र मांडलंत ते अंगण धाकट्या पातीकडचं. उद्या साहेबांनी बेलभंडार पुढे केला की उचला आणि सांगा, 'या राज्याच्या हद्दीत हे कुणी पाहिलेलं नाही.' शब्द न् शब्द खरा!"

सगुणाबाईंनी पाण्याचा तांब्या तात्यांपुढे ठेवला आणि विचारलं, "तात्या भावजी, देवीची हद्द कुठली?"

तात्यांनी पाणी पिऊन घेतलं.

दुसऱ्या दिवशी नीलकंठराव आले. साठीचा माणूस, डोक्याला पगडी, नाकावर चष्मा, बोलणं तुटक पण रागीट नाही. त्यांनी यंत्र चालवून पाहिलं, मग सगळं सुटं करायला लावलं. प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. तक्रार असेल त्यानं समोर यावं अशी दवंडी आधीच पिटली होती, म्हणून फत्तेसिंगही बाकावर येऊन बसला होता.

"मिस्त्री," नीलकंठराव म्हणाले, "आमच्या घरीही सोऱ्या आहे. हा त्याचा थोरला भाऊ. यात तुमचं काय?"

मानाजी गोंधळले. जे हातांना येत होतं ते तोंडाला येईना. "लाख आहे साहेब... पीठ नाही. पीठ थांबतं. लाख थांबत नाही, निवली की संपलं."

"बरं. आता एक विचारतो, सांभाळून सांगा." त्यांनी पाटावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. "हे यंत्र अर्जाआधी लोकांत चाललंय?"

बेलभंडार उचलून खोटं बोललं तर घर बुडतं, अशी सर्वांची श्रद्धा. मानाजींचा हात पुढे झाला, भंडाऱ्याच्या वर आला आणि तिथेच थांबला. तात्या डोळ्यांनी खुणावत होते.

"चाललंय," माजघराच्या दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सगुणाबाई दाराआडून एक पाऊल पुढे आल्या होत्या. डोईवरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"खंडेनवमीला टेकडीवर चाललं. नवस माझा होता. पहिल्या बांगड्या मी देवीला घातल्या, मग सवाष्णींना. त्या दोन्ही पातींकडच्या होत्या. नवस बोलले तेव्हा मी हद्द विचारली नव्हती."

तात्यांनी डोकं धरलं. मानाजींनी मात्र हात मागे घेतला आणि खांद्यावरचं ओझं उतरावं तसे ते खाली बसले.

फत्तेसिंग खुशीत उठला. "हौ साहेब! मीपण होतो. सगळ्या गावासमोर! दोनचार चुडियां निघाल्या आणि मशीन ठप्प!"

नीलकंठरावांनी चष्मा वर केला. "ठप्प म्हणजे?"

"म्हणजे अडली! नळीत लाख पत्थर झाली. मी जवळून पाहिलं ना. मिस्त्री भियांनी छिन्नीनं खरडून काढली. मी तर बोललो, शेव कच्ची रह गई!" तो स्वतःच हसला.

"नळीला बाहेरून दुसरी नळी होती?"

"कुठची? उघडीबोडकी होती."

"पाणीबिणी?"

"काही नाही साहेब. ते सगळं नंतरचं."

"बेलभंडार उचलून सांगाल?"

"सौ बार!" फत्तेसिंगानं भंडारा कपाळाला लावला, बेलाचं पान हातात घेतलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, आधीपेक्षा तिखटमीठ लावून. नीलकंठरावांनी ते शांतपणे उतरवून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली.

मग ते उठले, यंत्रापाशी गेले आणि बाहेरच्या नळीवर टिचकी मारली.

"मिस्त्री, आतली नळी, आट्यांचा दांडा, मूठ, हे सगळ्या टेकडीनं पाहिलं. ते आता सगळ्यांचं. त्यावर सनद मिळणार नाही, आणि मी शिफारसही करणार नाही."

मानाजींनी मान हलवली. दारात सगुणाबाईंचे डोळे भरून आले.

"पण जे यंत्र टेकडीवर अडलं ते हे नव्हे. हे अडत नाही. कढत पाण्याचं हे अस्तर तिथे नव्हतं, आणि याला साक्षीदार," त्यांनी फत्तेसिंगाकडे पाहिलं, "स्वतः तक्रारदार आहेत. तेवढ्या अस्तरापुरती सनद मागा. मी लिहून देतो."

फत्तेसिंगाचं तोंड उघडं राहिलं. तात्यांना आधी कळलं नाही, कळलं तेव्हा ते इतक्या जोरानं "अरे वा!" म्हणाले की गोठ्यातली गाय हंबरली.

जाताना सगुणाबाईंनी ताटलीत बांगड्यांची जोडी ठेवून पुढे केली. "घरी वहिनींना."

"निकाल लागेपर्यंत नाही," नीलकंठराव म्हणाले. मग उंबऱ्यावर थांबून मागे न बघता बोलले, "बाई, तुम्ही बोलला नसतात आणि मिस्त्रींनी शपथ घेतली असती, तर फत्तेसिंगांचं ऐकून मला सगळाच अर्ज फेकावा लागला असता. खोट्या शपथेखाली खरी वस्तूसुद्धा टिकत नाही."

सनद चैत्रात आली. लहानशी, एका अस्तरापुरती, आणि रस्त्याच्या एकाच कडेला चालणारी. फत्तेसिंगानं पलीकडच्या कडेला उघडी यंत्रं करवून घेतलीच. उन्हाळ्यात ती चालली. थंडी पडली तशी एकेक अडायला लागली, आणि एक दिवस तो पुन्हा ओट्यावर येऊन बसला.

"भिया, त्या पाण्याच्या नळ्या आमच्या कारागिरांना जमेनात, तुम्हीच बसवून द्या. आपल्याला भांडण नको."

"शेव कच्ची राहते का रे?" मानाजींनी विचारलं. फत्तेसिंगालाही हसू आलं. आधी पलीकडच्या पातीतली सनदही तात्यांनी मागून घेतली, मग फत्तेसिंग लाख पुरवी आणि मानाजी नळ्या बसवीत. घण एका लोहाराच्या पोराला देऊन टाकला. बांगड्यांची ती जोडी धारला कुणी जाणारं मिळालं तेव्हा गेली.

त्या हिवाळ्यानंतरच्या खंडेनवमीला यंत्र पुन्हा टेकडीवर चढलं. मानाजींनी त्यात आणखी काही नवं केलं होतं; काय ते कुणाला माहीत नव्हतं, कारण सगुणाबाईंनी सगळं यंत्र आपल्या ठेवणीतल्या इरकली लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. पूजा झाली, हळदकुंकू लुगड्यावरूनच वाहिलं गेलं.

पुजारी म्हणाले, "अहो सगुणाबाई, झाकलेल्या हत्याराची कुठे पूजा करतात? जरा पदर सारा."

सगुणाबाई गाभाऱ्याकडे बघून हसल्या. आता त्यांना बोलायची थोडी सवय झाली होती.

"आईनं पाहिलंय, भटजी. बाकीच्यांनी सनद आल्यावर पाहावं."